कार्यालये हलविणाऱ्या कंपन्यांस दस्तुरी नाक्यावरून एक खुले पत्र

मुंबई महानगरीत कार्यालयांच्या स्थलांतराचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांचे संचालक, व्यवस्थापक आणि दरपत्रके तयार करणारे अधिकारी यांस,



माथेरानातील जुन्या हॉटेलांपैकी कित्येकांची एक कचेरी डोंगरावर आणि दुसरी मुंबईत, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कारण ज्या काळी खोली राखून ठेवण्यासाठी गिऱ्हाइकाला समक्ष येऊन बयाणा भरावा लागे आणि पावती खिशात पडल्यावरच नेरळच्या गाडीत पाय ठेवता येई, त्या काळी दादरला, फोर्टात किंवा काळबादेवीत दोन मेजे, एक दूरध्वनी आणि एक विश्वासू कारकून यांची बैठक असल्यावाचून डोंगरावरचा धंदा चालणे शक्यच नव्हते. आज तो व्यवहार भ्रमणध्वनीवर उरकतो, मुंबईतील जागेचे भाडे मात्र वाढतच राहते; सबब अशा कचेऱ्या उठू लागल्या आहेत, आणि मी ज्या हॉटेलाचा कारभार पाहतो त्याचीही मुंबईची कचेरी उठवून तिचे सारे दफ्तर वर आणण्याचे मालकांनी ठरविले. ते काम तुमच्यापैकी एका कंपनीकडे सोपविण्यात आले होते. तिचे नाव मी येथे घेत नाही. कारण माझी तक्रार एका कंपनीच्या वागणुकीपुरती नाही. ज्या पद्धतीने तुमच्या व्यवसायात दरपत्रक बनते, करार होतो आणि माल हलतो, त्या पद्धतीबद्दल ती आहे, आणि त्या वेळी ज्या ज्या कंपन्यांची दरपत्रके मी मागविली, ती सारी जवळजवळ एकाच साच्यातून निघालेली होती.

त्या प्रत्येक दरपत्रकात एक ओळ ठळक अक्षरांत होती, की माल या दारातून उचलून त्या दारात पोहोचविला जाईल. त्या वचनावर विसंबूनच गिऱ्हाईक सही करते आणि आगाऊ रक्कम देते. मला जे म्हणावयाचे आहे ते या वचनाच्या शेवटच्या तुकड्याविषयी आहे. तो तुकडा तुम्ही पाळीत नाही. तो दुसऱ्याच कोणाच्या तरी डोक्यावर आणि पाठीवर पाळला जातो, आणि त्या माणसाचा उल्लेख तुमच्या एकाही कागदात नसतो.

ज्यांना माथेरानची स्थिती ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली हा डोंगर चढले, पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत येथील वस्तीला आकार आला, आणि १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सोळा लाख रुपये खर्चून बांधलेली दोन फूट रुंदीची रेल्वे नेरळहून जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज अशी वळणे घेत गावात आली. परंतु मोटारीला मात्र या गावाने आपल्या वेशीच्या आत कधी येऊ दिले नाही. केंद्र शासनाच्या पर्यावरण मंत्रालयाने ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, तेव्हापासून तर त्या मनाईला अधिकच बळ आले. रुग्णवाहिकेसारखा अपवाद वगळला तर नेरळचा घाट चढून आलेले प्रत्येक वाहन दस्तुरी नाक्यावर थांबते. तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर आहे. वाट तांबड्या मातीची, उन्हाळ्यात धुळीची, पावसाळ्यात निसरडी. तांदळाची गोणी, सिमेंट, गॅसची टाकी, खाट, शीतकपाट, औषधांची खोकी, जे जे म्हणून या गावात आहे ते बहुतेक घोड्याच्या पाठीवरून, हातगाडीवरून किंवा हमालाच्या डोक्यावरून आत आलेले आहे. पावसाळ्यात तर नेरळ ते अमन लॉज हा रेल्वेचा टप्पाही दरवर्षी बंद ठेवावा लागतो, आणि दस्तुरीजवळच्या अमन लॉजपासून गावापर्यंत धावणारी छोटी गाडी प्रवाशांची आणि लहान पार्सलांची सोय करते, कचेरीच्या कपाटा-मेजांची नाही.

हे सारे सर्वेक्षणास आलेल्या तुमच्या प्रतिनिधीस मी तोंडी सांगितले, आणि तोंडी बोलणे हवेत विरते म्हणून पुढे लेखीही कळविले. त्या गृहस्थांनी मुंबईच्या कचेरीत अर्धा तास घालविला, कपाटे मोजली, मेजांची छायाचित्रे घेतली, इमारतीस उद्वाहक आहे की नाही, गल्लीत मोठी गाडी कोणत्या वेळेत येऊ शकेल, याची काळजीपूर्वक चौकशी केली. यावरून काम जाणणारा मनुष्य असावा असे वाटले. परंतु माथेरानकडील बाजू निघताच त्यांनी फक्त दोन गोष्टी विचारल्या, पिन क्रमांक कोणता आणि मजला कितवा. आणि गाडी गावात येत नाही हे मी पुन्हा सांगू लागलो तेव्हा "होऊन जाईल साहेब, आमची माणसं बघून घेतील," एवढे बोलून त्यांनी वही मिटली. जी माणसे बघून घेणार होती त्यांना ही गोष्ट कोणीही सांगितली नव्हती, हे पुढे कळले.

प्रत्यक्ष काय झाले ते तपशिलाने सांगणे भाग आहे. कंपनीने जी गाडी पाठविली ती नेरळच्या घाटातील चढणीला आणि अरुंद वळणांना झेपणारी नव्हती; म्हणून नेरळला माल उतरवून लहान टेंपोंत भरण्यात आला, आणि त्या दुबार उतरणी-चढविणीचा आकार वेगळा मागण्यात आला. टेंपो दस्तुरीला पोहोचले तेव्हा ऊन कलले होते. कंपनीबरोबर आलेली तिन्ही मुले परगावची, वयाने कोवळी, सकाळपासून उपाशी. त्यांनी वाहनतळाच्या कडेला, उघड्यावर, खोक्यांची रास घातली आणि आपले काम येथवरच आहे असे अगदी नम्रपणे सांगितले. त्यांच्यावर मी रागावलो नाही. त्यांना जेवढे सांगितले होते तेवढे त्यांनी इमाने केले होते. मुंबईतील अधिकाऱ्यांना दूरध्वनी केला तेव्हा उत्तर आले, की करारात गंतव्यस्थान माथेरान असे लिहिले आहे, आणि दस्तुरी हे माथेरानच आहे. त्या वेळी आकाश भरून आले होते. चाळीस-पन्नास वर्षांच्या नोंदवह्या, रोजमेळ आणि खतावण्या ज्या खोक्यांत होत्या त्यांवर घालायला कंपनीपाशी एक ताडपत्रीही नव्हती. ती नाक्यावरच्या चहावाल्याने स्वतःच्या छपरावरून काढून दिली.

त्यानंतर जे हमाल पुढे आले त्यांच्यासंबंधी मला विशेष लिहावयाचे आहे. त्यांतील एक वयस्क गृहस्थ खोक्यांच्या राशीपाशी आले, त्यांनी एका खोक्याला दोन्ही हात घालून ते गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचलले, क्षणभर तोलून पाहिले आणि पुन्हा जागेवर ठेवले. "हे एका माणसाचं नाही. सोडा आणि दोन करा," ते म्हणाले. खोके सोडले तेव्हा आत वरपासून खालपर्यंत केवळ कागद निघाला. तळाची घडी अगोदरच सुटू लागली होती, आणि वाटेत डोक्यावर असतानाच ती फाटली असती. मग त्यांनी एकेक खोके उचलून पाहत राशीचे तीन भाग केले. हलकी खोकी डोक्यावर, मध्यम वजनाची घोड्यावर दोन्ही अंगांनी सारखा भार येईल अशी जोडीजोडीने, आणि लोखंडी कपाट व मेजे हातगाडीवर. कपाटाच्या आतल्या फळ्या त्यांनी काढून वेगळ्या बांधल्या, दारे उघडू नयेत म्हणून दोराचा वेढा दिला, कपाट पाठीवर आडवे निजविले आणि त्याखाली रिकाम्या गोण्यांची घडी घातली. दोघे पुढे, दोघे मागे, आणि उतार आला की पुढचे दोघे बाजूला होऊन मागच्यांना गाडी ओढून धरावयास सांगत. डोक्यावर चुंबळ ठेवून चालणारा मनुष्य मान हलवीत नाही, फक्त डोळ्यांनी वाट पाहतो. रेल्वेच्या रुळांशेजारच्या त्या अंधाऱ्या वाटेवर ही सारी मंडळी एका शब्दावाचून एकमेकांना वाट देत चालली होती. कपाटावर एक ओरखडा उमटला नाही. तुमच्या व्यवसायात ज्याला कौशल्य म्हणतात ते त्या दिवशी मी पाहिले ते येथे. आणि त्या कौशल्याचा मोबदला ठरला तो मात्र पावसाच्या छायेत, दिवेलागणीला, अडलेले गिऱ्हाईक आणि दमलेला हमाल यांच्यातील घासाघिशीने, कारण तुमच्या दरपत्रकात त्यासाठी एक रकानाही नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी माथेरानातील हातरिक्षांची प्रथा सहा महिन्यांच्या आत बंद करण्याचा आदेश दिला आणि माणसाने माणसाला ओढणे हे मानवी प्रतिष्ठेशी विसंगत आहे असे म्हटले. ई-रिक्षा आल्या, त्यांत शाळेची मुले आणि वृद्ध माणसे बसू लागली, हे फार चांगले झाले. परंतु कचेरीचे कपाट त्यांत बसत नाही, आणि पुढील पुष्कळ वर्षे या गावात येणारे जड सामान माणसाच्या अंगबळावरच येणार आहे. या राज्याने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी ज्या माणसांची संघटना उभी केली त्या माणसांच्या मजुरीची, रजेची आणि भविष्यनिर्वाह निधीची नोंद सरकारी मंडळाच्या दप्तरी होऊ लागली, ती याच तत्त्वावर की ओझे वाहणारा मनुष्य हा व्यवहारातील एक पक्ष आहे. ज्या महाराष्ट्राने ही गोष्ट अर्धशतकापूर्वी मान्य केली, त्याच महाराष्ट्रात तुमचे छापील करारपत्र त्या माणसाला ओळखत नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

सबब माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती अशी की, जेथे तुमचे वाहन थांबते आणि जेथे गिऱ्हाइकाचे दार उघडते, त्या दोहोंमधील अंतर दरपत्रकात स्वतंत्र लिहावे. ते कोण वाहून नेणार, कोणत्या साधनाने, कोणत्या दराने आणि तो दर कोण देणार, हे करारापूर्वी नमूद करावे. आणि तो दर मुंबईत बसून कल्पनेने न बांधता त्या ठिकाणच्या हमालांशी व घोडेवाल्यांशी अगोदर बोलून ठरवावा. यामुळे दरपत्रकाची रक्कम वाढेल हे मला समजते. ती वाढू द्यावी. गिऱ्हाईक ती रक्कम शेवटी देतेच. फरक इतकाच की आज ती त्याला अडचणीच्या घटकेला, पावतीवाचून द्यावी लागते, आणि ती घेणाऱ्यालाही आपण अडवणूक करीत आहोत असा नाहक बोल सोसावा लागतो.

यावर कोणी म्हणेल की माथेरानसारखे गाव एखादेच. त्याच्यासाठी सबंध व्यवसायाचे कागद बदलावे काय? माझे उत्तर असे की, हे गाव एखादे असले तरी ही अडचण एकट्या त्याची नाही. तुमच्या मुंबईतच काळबादेवी आणि भुलेश्वर येथील गल्ल्यांच्या तोंडाशी ट्रक थांबतो आणि पुढे हातगाडीच लागते. गिरगावातील जुन्या चाळींना उद्वाहक नाही, आणि जिन्याच्या वळणावर मेज अडले की ते दोरीने सज्जातून उतरवावे लागते. पुण्याच्या पेठांत वाड्याच्या दिंडीदरवाजातून कपाट आडवे जात नाही. घारापुरीला तर मध्ये समुद्रच आहे. या सर्व ठिकाणी तुमची कंपनी जाते, आणि या सर्व ठिकाणी शेवटचा टप्पा तेथल्या तेथे, ऐन वेळी, तोंडी ठरतो.

दुसरी गोष्ट खोक्यांच्या वजनाची. कागद हा दिसायला हलका आणि साठला की अत्यंत जड पदार्थ आहे, हे कार्यालये हलविणाऱ्यांना मी सांगावे असे नाही. ए-फोर आकाराच्या नेहमीच्या पंचाहत्तर ग्रॅमी कागदाचा पाचशे पानांचा एक रीमच सव्वादोन किलोहून अधिक भरतो, आणि तुम्ही कपड्यांसाठी वापरता तेच मोठे खोके नोंदवह्यांनी गच्च भरले तर त्याचे वजन सहज पन्नास किलोच्या घरात जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलोच्या वर नसावी अशी शिफारस केली होती. ती मर्यादा सपाटीवरच्या चार पावलांसाठीही जड, मग पावसात भिजलेल्या चढणीची काय कथा! दफ्तरासाठी लहान खोकी वापरावीत, एकाचे वजन वीस-बावीस किलोंच्या पुढे जाऊ देऊ नये, आणि ते वजन खोक्याच्या दोन बाजूंवर मोठ्या आकड्यांत लिहावे, म्हणजे उचलणाऱ्याला ते अंगावर घेण्यापूर्वी डोळ्यांनी कळेल. कागदाच्या कामात एवढा एक ताजवा गाडीत असावा, अशी माझी सूचना आहे.

आता दफ्तराच्या क्रमाविषयी. घरातील भांडीकुंडी हलविणे आणि कचेरी हलविणे यांत मोठा भेद असा की, भांडे कोणत्याही फडताळात ठेवले तरी ते भांडेच राहते, पण नोंदवही तिच्या जागेवरून सुटली की ती असून नसल्यासारखी होते. आमच्या मुंबईच्या कचेरीत वर्षवार लावलेल्या आरक्षणवह्या होत्या, त्यांच्याशेजारी त्याच वर्षांच्या बयाण्याच्या पावतीपुस्तकांच्या थप्प्या होत्या, नगरपरिषदेच्या करांच्या पावत्या आणि जागेच्या पट्ट्याचे कागद वेगळ्या कपाटात होते. तुमच्या मुलांनी हे सारे चपळाईने भरले आणि प्रत्येक खोक्यावर एकच मजकूर लिहिला, "ऑफिस, किरकोळ". माथेरानात खोकी उघडली तेव्हा एका वर्षाची वही एका खोक्यात, तिची पावतीपुस्तके दुसऱ्यात, आणि पट्ट्याच्या कागदांची पुडकी भिंतीवरील घड्याळाबरोबर तिसऱ्यात. काही हरवले नव्हते. तरी ते पुन्हा लावून घेण्यात कारकुनांचा ऐन हंगाम गेला, आणि त्या मुदतीत गिऱ्हाइकाने जुनी पावती दाखविली की आम्हाला निरुत्तर व्हावे लागे.

या राज्यातच त्याहून कितीतरी मोठे दफ्तर हलते. १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, आणि त्यासाठी मंत्रालयातील विभागांच्या नस्त्या मुंबईहून आठशे किलोमीटरवर जातात आणि परत येतात. त्याही पूर्वी मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यास जात असे, तेव्हाही कागदांच्या पेट्या त्याच्या मागोमाग जात. एवढे दफ्तर हलूनही दुसऱ्या दिवशी प्रश्नोत्तरांचा तास चालावयाचा असेल तर कोणता कागद कोणत्या पेटीत आहे हे अगोदरच लिहून ठेवल्यावाचून गत्यंतर नाही. तुम्हीही प्रत्येक खोक्याला क्रमांक द्यावा, कोणत्या कपाटाचा कोणता खण त्यात आहे हे एका फेरिस्तेत लिहावे, तिची एक प्रत गिऱ्हाइकाला द्यावी आणि माल उतरताना त्या प्रतीवर रुजवात घालूनच सही घ्यावी. यास तुमच्या एका लिहित्या माणसाचा एक दिवस लागेल, त्याचे दाम खुशाल लावावे.

विम्याचा विषय मला थोडक्यात पण स्पष्टपणे मांडावयाचा आहे. मालाच्या घोषित किमतीवर ठरावीक टक्के रक्कम "विमा" म्हणून दरपत्रकात धरली जाते. परंतु पुष्कळदा त्या रकमेबद्दल कोणत्याही विमा कंपनीचे कागद गिऱ्हाइकाच्या हाती येत नाहीत, आणि नुकसान झाल्यावर कळते की ती केवळ वाहतूकदाराने आपल्या जोखमीपोटी घेतलेली रक्कम होती. २००७ च्या रस्ता-वाहतूक अधिनियमाने माल घेणाऱ्याने पावती देणे बंधनकारक केले आहे, वाहतूकदाराच्या दायित्वाला मर्यादा घातली आहे, आणि नुकसानीचा दावा लावण्यापूर्वी माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस देण्याची अट ठेवली आहे. सामान्य गिऱ्हाइकाला यांतील काहीच ठाऊक नसते. तुम्हाला ते सारे ठाऊक असते. म्हणून विमा उतरविला असेल तर विमा कंपनीचे नाव व पत्राचा क्रमांक द्यावा, उतरविला नसेल तर तसे साफ लिहावे, आणि त्या संरक्षणाची हद्द दस्तुरीला संपते की आमच्या दारात, हेही त्याच कागदावर असावे. हमालाच्या हातून खोके पडले तर भरपाई कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न खोके पडल्यावर विचारण्याचा नव्हे. आणि त्याचा बोजा त्या गरीब माणसावर ढकलला जाऊ नये, असे मला फार वाटते.

आणखी एक गोष्ट या डोंगराच्या वतीने मागतो. माल पोहोचल्यावर तुमचा मनुष्य निघून जातो आणि मागे उरतात ती फाटकी खोकी, थर्माकोलचे तुकडे, बुडबुड्यांच्या प्लास्टिकची भेंडोळी आणि चिकटपट्टीच्या गुंडाळ्या. मुंबईत हे सारे सकाळच्या कचऱ्याच्या गाडीत नाहीसे होते. येथे ते नाहीसे होत नाही. माकडे ते ओढून झाडांवर नेतात, पाऊस ते दरीच्या कडेला नेऊन सोडतो, आणि नगरपरिषदेच्या माणसाला ते पुन्हा गोळा करावे लागते. ज्या गावात चाक येऊ नये म्हणून एवढी जपणूक केली गेली, त्या गावात चाकाच्या मालाचे वेष्टन मात्र झाडाझुडपांत अडकून पडावे हे बरोबर नाही. कापडी रजया, गोणपाट आणि परत नेता येणाऱ्या लाकडी वा प्लास्टिकच्या पेट्या वापराव्यात, आणि रिकाम्या पेट्या खाली नेण्याची हमाली दरपत्रकातच धरावी. खाली उतरणारे घोडे तसेही रिकामे जातात.

तुमच्या अडचणीही मी जाणतो. दक्षिण मुंबईत अवजड गाड्यांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते, इंधन महाग होत जाते, कित्येक गिऱ्हाइके सर्वेक्षणाच्या वेळी अर्धे सामान सांगतच नाहीत, आणि तीन दरपत्रके समोर ठेवून जे सर्वांत कमी असेल त्यावर डोळे मिटून बोट ठेवतात. प्रामाणिकपणे शेवटचा टप्पा लिहिणारी कंपनी अशा वेळी महाग दिसते आणि तो टप्पा न लिहिणारी स्वस्त, ही तुमची कैफियत न्याय्य आहे. म्हणूनच हे पत्र एका कंपनीला न लिहिता सर्वांना लिहिले आहे. तुमच्या व्यवसायाच्या ज्या संघटना आहेत त्यांनी एकत्र बसून दरपत्रकाचा एक समान नमुना ठरविला, आणि त्यात वाहनाच्या थांब्यापासून दारापर्यंतचा रकाना सक्तीचा केला, तर खरे लिहिणाऱ्याचे नुकसान होणार नाही.

आणि मालाबरोबर एक असा मनुष्य पाठवीत जा, ज्याला निर्णय घेण्याचा अधिकार आहे, ज्याच्या खिशात त्या निर्णयापुरते पैसे आहेत, आणि जो शेवटचे खोके आत जाऊन फेरिस्तेवर सही होईपर्यंत जागचा हलत नाही. त्या संध्याकाळी दस्तुरीला असा एक मनुष्य असता, तर या पत्रातील निम्म्या तक्रारी लिहाव्याच लागल्या नसत्या.

आमच्या हॉटेलाचे काही सामान, दोन लोखंडी कपाटे, एक शिसवी मेज आणि जुन्या वह्यांची बरीच बांधणी, मुंबईत एका स्नेह्यांच्या वखारीत अद्याप ठेवलेले आहे. दिवाळीनंतर, वाट वाळल्यावर आणि हंगामाची गर्दी ओसरल्यावर, ते वर आणावयाचे आहे. तुमच्यापैकी ज्या कंपनीस हे काम घेण्याची इच्छा असेल तिने आपला प्रतिनिधी वखारीत पाठविण्यापूर्वी एकदा दस्तुरीला पाठवावा. नाक्यापासून आमच्या दारापर्यंतची वाट मी त्याच्याबरोबर पायी चालेन, ज्यांनी ते कपाट सुखरूप आणले त्या मंडळींची गाठ घालून देईन, आणि त्यांचा दर ज्या दरपत्रकात प्रथम लिहिलेला असेल ते दरपत्रक, रकमेने वरचढ असले तरी, मालकांकडून मंजूर करवून घेण्याचा भार माझ्याकडे राहील.



आपला स्नेहाकांक्षी,
माथेरान येथील एका जुन्या हॉटेलाचा व्यवस्थापक
मुक्काम माथेरान, तालुका कर्जत, जिल्हा रायगड